स्वतःची इन्स्टॉलेशन डिस्क : खटाटोप की शहाणपण?

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

१/
एकेकाळी ‘संगणक फॉरमॅट मारणे’ हे घरोघरचे वार्षिक कर्म होते. त्या काळी गल्लीत संगणकाची थोडीफार जाण असलेला जो कोणी असे, त्याच्या टेबलाच्या खणात एक सीडी हमखास सापडे. तिच्यावर कंपनीचे बोधचिन्ह नसे; मार्करने लिहिलेली एक ओळ असे : ‘एक्सपी, एसपी२, सगळ्या ड्रायव्हरसह’. मूळ ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन, तिच्यात हवे ते घालून, नको ते काढून पुन्हा सीडीवर उतरवलेली ही घरगुती इन्स्टॉलेशन डिस्क. ती घडवण्यात रात्रीच्या रात्री गेलेल्या असत.

२/
हा खटाटोप सार्थ होता का? आजही कोणी तो करावा का? ‘वेळेचा निव्वळ अपव्यय’ असे एक उत्तर मिळते. ‘ज्याने स्वतःची डिस्क घडवली नाही त्याला संगणक कळलाच नाही’ असे दुसरे. दोन्ही उत्तरे काळाचे भान सोडून दिलेली आहेत. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर काही घरगुती डिस्कांनी संगणकविश्वाला वळण दिलेले दिसते, काहींनी विशिष्ट अडचणीतून लोकांना सोडवलेले दिसते, आणि उरलेल्यांनी घडवणाऱ्याचे व वापरणाऱ्याचे नुकसानच केलेले दिसते. हा फरक कशामुळे पडला, हा खरा प्रश्न आहे.

३/
इन्स्टॉलेशन डिस्कमध्ये बदल करण्याचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला ‘भर’ : मूळ डिस्क निघाल्यानंतर आलेल्या दुरुस्त्या, नव्या यंत्रांचे ड्रायव्हर, भाषेच्या सोयी आत घालणे. दुसरा ‘उत्तरे’ : इन्स्टॉल करताना विचारले जाणारे प्रश्न – भाषा कोणती, वेळ कोणत्या देशाची, डिस्कचे भाग किती – यांची उत्तरे आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवणे. तिसरा ‘छाटणी’ : अनावश्यक वाटणारे भाग काढून टाकणे. या तिघांचे मोल सारखे नाही. पुढचे विवेचन ध्यानात ठेवताना ही विभागणी उपयोगी पडेल.

४/
आरंभ लिनक्सपासून करणे योग्य, कारण तेथे हा प्रश्न जन्मापासूनच होता. लिनस टॉरवाल्ड्‌स याने १९९१ साली जे प्रसिद्ध केले ते केवळ कर्नल होते, म्हणजे प्रणालीचा गाभा. त्यावर काम करायचे तर इतर शेकडो साधने जमवावी लागत. कंपनीची ‘मूळ डिस्क’ अशी काही वस्तूच अस्तित्वात नव्हती. ज्याला लिनक्स वापरायचे त्याने आपल्या फ्लॉपी आपणच घडवायच्या, किंवा दुसऱ्याने घडवलेल्या मिळवायच्या.

५/
१९९२ च्या फेब्रुवारीत मँचेस्टर कॉम्प्युटिंग सेंटरमधील ओवेन ले ब्लँक यांनी ‘एमसीसी इंटेरिम लिनक्स’ प्रसिद्ध केले. लिनक्स बसवण्याची कटकट कमी व्हावी, एवढाच साधा हेतू. त्याच वर्षी पीटर मॅकडोनाल्ड यांचे ‘सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टिम’, संक्षेपाने एसएलएस, आले. त्यात चित्रमय पडदा आणि नेटवर्कची साधनेही होती, त्यामुळे ते झपाट्याने पसरले. परंतु त्यात दोषही पुष्कळ होते. या दोषांतूनच पुढचा इतिहास उगवला.

६/
अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या मूरहेड येथे पॅट्रिक व्होल्करडिंग नावाचा विद्यार्थी एसएलएस वापरत होता. त्याच्या एका प्राध्यापकांना आपल्या घरी आणि महाविद्यालयातील काही संगणकांवर लिनक्स बसवून हवे होते. प्रत्येक यंत्रावर तेच दोष, त्याच दुरुस्त्या. त्याने टिपून ठेवलेल्या दुरुस्त्या इन्स्टॉलेशन फ्लॉपींमध्येच घालायला सुरुवात केली, म्हणजे पुढच्या यंत्रावर ते काम पुन्हा करावे लागू नये. १७ जुलै १९९३ रोजी ही दुरुस्त प्रत ‘स्लॅकवेअर’ या नावाने जाहीर झाली. आज जिवंत असलेल्या लिनक्स वितरणांत ते सर्वांत जुने आहे; २०२२ साली त्याची १५.० ही आवृत्ती निघाली.

७/
एसएलएसच्याच उणिवांना कंटाळलेला दुसरा विद्यार्थी म्हणजे पर्ड्यू विद्यापीठातील इयन मर्डॉक. त्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी नव्या वितरणाची घोषणा केली. स्वतःचे आणि मैत्रीण डेब्रा हिचे नाव जोडून त्याने त्याला ‘डेबियन’ म्हटले. मर्डॉकचा विचार व्होल्करडिंगपेक्षा एक पाऊल पुढचा होता : ही डिस्क एका माणसाच्या हातून न घडता अनेकांनी उघडपणे, ठरवलेल्या नियमांनी घडवावी. २००४ साली आलेले उबुंटू डेबियनवर उभे राहिले आणि २००६ साली आलेले लिनक्स मिंट उबुंटूवर.

८/
म्हणजे आज ज्यांना ‘अधिकृत’ म्हणून मान आहे अशी काही वितरणे मुळात कोणा विद्यार्थ्याची घरगुती डिस्कच होती. ‘अशा डिस्कांचा काय उपयोग’ असे सरसकट म्हणणाऱ्याला हे एक उदाहरण पुरेसे आहे. तथापि येथे सावध राहायला हवे. इतिहास विजेत्यांची नोंद ठेवतो. स्लॅकवेअर आणि डेबियन यांच्यासोबत जन्मलेली कितीतरी वितरणे विस्मृतीत गेली. स्वतः एसएलएसही गेले. तेव्हा घरगुती डिस्क घडवणे पुरेसे नव्हते. टिकून राहिलेल्यांकडे आणखी काहीतरी होते, आणि ते काय, हे पुढच्या काळाकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते.

९/
भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर होता : इंटरनेटचा वेग. डायल-अप मोडेमचा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट. तो पूर्ण मिळाला असे गृहीत धरले तरी ७०० मेगाबाइटची एक सीडी उतरवून घ्यायला अठ्ठावीस तासांच्या आसपास लागत, तेही फोनचे बिल चढत असताना आणि लाइन एकदाही न तुटता. त्यामुळे सीडी ही येथे सोय नव्हती, रस्ताच तो होता. १९९६ साली ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. बंगळुरूचे अतुल चिटणीस हे त्या उपक्रमाचे प्रमुख प्रवर्तक. पुढे कित्येक वर्षे ‘पीसीक्यू लिनक्स’ या नावाने भारतीय वाचकांसाठी सिद्ध केलेल्या सीडी निघत राहिल्या.

१०/
पुढे २००५ ते २०११ या काळात उबुंटूची पालक कंपनी ‘शिपइट’ योजनेखाली मागेल त्याला टपालाने मोफत सीडी धाडत असे. परदेशातून आलेले ते पाकीट अनेक भारतीय विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली ओळख ठरली. जेथे बँडविड्थ महाग, तेथे एकदा नीट भरलेली सीडी हातोहात पन्नास घरी फिरते. घरगुती डिस्कच्या बाजूने केला जाणारा सर्वांत बळकट युक्तिवाद हाच आहे, आणि तो भूगोलाशी व काळाशी बांधलेला आहे.

११/
आता विंडोजकडे. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आले. दुकानातून घेतलेली सीडी त्या दिवशीची. संगणकावर ती बसवली जाई दोन-तीन वर्षांनी. मधल्या काळात सापडलेल्या त्रुटी आणि त्यांवरच्या दुरुस्त्या सीडीला अर्थातच ठाऊक नसत. भरीस भर म्हणजे एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती सुरुवातीस बंद ठेवलेली असे. ताजा बसवलेला संगणक म्हणजे दारे सताड उघडी असलेले नवे घर.

१२/
११ ऑगस्ट २००३ रोजी ‘ब्लास्टर’ हा किडा पसरू लागला. ज्या त्रुटीतून तो शिरत होता, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिली होती. पण ती बहुतेकांच्या संगणकावर पोहोचलेली नव्हती. ब्लास्टरला ईमेल उघडण्याची वा फाइल चालवण्याची गरज नसे. संगणक नेटला जोडलेला असला की पुरे. मग पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होई. ३० एप्रिल २००४ रोजी आलेल्या ‘सॅसर’ने हीच कथा पुन्हा घडवली, त्याही वेळी दुरुस्ती आधीच, १३ एप्रिलला, निघालेली होती.

१३/
येथे एक विलक्षण पेच होता. दुरुस्ती मिळवायची तर नेटला जोडणे भाग. नेटला जोडले की दुरुस्ती उतरण्याआधीच किडा आत. अमेरिकेतील सॅन्स इन्स्टिट्यूट अशा असुरक्षित संगणकाचा ‘जगण्याचा अवधी’ मोजत असे. २००४ साली तो सरासरी वीस मिनिटांच्या आसपास होता. डायल-अपवर वीस मिनिटांत कोणतीही मोठी दुरुस्ती उतरणे अशक्य. ऑगस्ट २००४ मध्ये आलेला सर्व्हिस पॅक २ हा त्यावरचा खरा उपाय होता. त्याने फायरवॉल आपोआप चालू केली. पण त्याची पूर्ण फाइल २६६ मेगाबाइटची. ५६ किलोबिटच्या जोडणीवर, सगळे सुरळीत चालले तरी, साडेदहा तास.

१४/
या पेचावरचा तोडगा म्हणजे ‘स्लिपस्ट्रीमिंग’. मूळ सीडीतील फाइली संगणकावर घ्यायच्या, एका आज्ञेने सर्व्हिस पॅक त्यांत मिसळायचा, आणि त्यांची बूट होणारी नवी सीडी लिहायची. ही सोय खुद्द मायक्रोसॉफ्टनेच पुरवलेली होती. अशा सीडीवरून बसवलेला संगणक पहिल्या क्षणापासून सुरक्षित असे. ‘भर’ या प्रकाराचे याहून नेमके समर्थन सापडणार नाही. २००३ ते २००५ या काळात ज्याने ही सीडी घडवली, त्याचा वेळ फुकट गेला असे कोणीही म्हणू शकणार नाही.

१५/
दुसरी अडचण यंत्रांची. साटा पद्धतीच्या हार्ड डिस्क आल्या तेव्हा अनेक यंत्रांवर एक्सपीच्या सीडीला ती डिस्कच दिसत नसे. त्यासाठी इन्स्टॉलच्या आरंभी एफ६ दाबून ड्रायव्हर द्यावा लागे, आणि एक्सपी तो फक्त फ्लॉपीवरून घेई. तोवर लॅपटॉपमधून फ्लॉपी ड्राइव्ह हद्दपार झालेला. म्हणजे किल्ली कुलपाच्या आत राहिली. दिनो नुहागिच याने तयार केलेल्या ‘एनलाइट’ या साधनाने हा ड्रायव्हर सीडीतच घालता येऊ लागला. गल्लीतल्या खणातील ती मार्करने नाव लिहिलेली सीडी बहुधा याच साधनातून निघालेली असे.

१६/
तिसरी अडचण मराठीची. इंग्रजी एक्सपी नेहमीच्या रीतीने बसवले की देवनागरी चालत नसे. कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची चौकट निवडावी लागे. मग संगणक मूळ सीडी मागे, आणि ती घालून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर अक्षरे नीट उमटत. ज्यांच्याकडे सीडी नाही त्यांच्या पडद्यावर चौकोन, किंवा जागा चुकलेल्या वेलांट्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्या काळात युनिकोड मराठी वाचण्यापूर्वी हा सोपस्कार पार पाडावा लागे. उत्तरांच्या फाइलीत भाषागटाची एक ओळ घातली की तो कायमचा टळत असे. एका ओळीची ही ‘भर’, पण ती नसेल तर मातृभाषाच दिसत नाही.

१७/
याच एनलाइटने ‘छाटणी’चेही दार उघडले. एका टिचकीसरशी एकेक भाग काढता येऊ लागला. एक्सपीला किमान ६४ आणि सुखाने चालण्यासाठी १२८ मेगाबाइट मेमरी लागे, असे कंपनीच सांगत होती. जुन्या यंत्रांवर तेवढी मेमरी म्हणजे तारेवरची कसरत. तेव्हा छाटणीमागे आरंभी खरी गरज होती. पण लवकरच तिची स्पर्धा झाली : कोणाची एक्सपी किती लहान, कोणाची किती वेगाने सुरू होते. गरज संपल्यावरही कात्री चालूच राहिली.

१८/
छाटणीचा तोटा त्याच दिवशी कळत नाही. आज छपाईची सेवा काढली, सहा महिन्यांनी प्रिंटर आला. आज एक ‘निरुपयोगी’ फाइल काढली, पुढे सर्व्हिस पॅक ३ बसवताना तीच हवी होती. प्रणालीचे भाग एकमेकांवर कसे विसंबून आहेत, याचा संपूर्ण नकाशा विंडोजबाबतीत बाहेरच्या कोणाकडेच नव्हता. त्यामुळे छाटणी अंदाजाने होई. वाचलेल्या काही मेगाबाइटांची किंमत न बसणाऱ्या दुरुस्त्यांच्या रूपाने मोजावी लागे. आणि दुरुस्ती न बसणे म्हणजे ब्लास्टरच्या काळात परत जाणे. ‘भर’ने जे कमावले ते ‘छाटणी’ने घालवले.

१९/
छाटणी सर्वत्र वाईट असते का? नाही. क्लाउस क्नोपर या जर्मन अभियंत्याने २००० साली ‘क्नॉपिक्स’ आणले. डेबियनवर आधारलेली ही सीडी इन्स्टॉल न करताच थेट चालत असे. ७०० मेगाबाइटांत सुमारे दोन गिगाबाइटांचा ऐवज दाबून बसवलेला. तिच्यातूनच ‘डॅम स्मॉल लिनक्स’ निघाले. त्याने स्वतःवर ५० मेगाबाइटांची मर्यादा घालून घेतली, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीवर पूर्ण प्रणाली मावेल. येथे छाटणी यशस्वी झाली, कारण आतले सारे उघडे होते. कोणता भाग कोणावर विसंबून आहे, हे डेबियनच्या प्रत्येक पॅकेजमध्ये लिहिलेलेच असते.

२०/
मुख्य भेद येथे उघड होतो. लिनक्सचा परवाना बदललेली प्रत वाटण्याची मुभा देतो. एखाद्याची घरगुती डिस्क दुसऱ्याच्या हाती जाते, तो चुका दाखवतो, तिसरा सुधारतो. विंडोजचा परवाना बदललेली प्रत दुसऱ्यास देऊ देत नाही. त्यामुळे गल्लीतल्या त्या मुलाचे कसब व्होल्करडिंगपेक्षा कमी होते असे मुळीच नाही. पण त्याच्या सीडीला उघडपणे वाढण्याची वाटच नव्हती. ती खणात राहिली, किंवा आडमार्गाने फिरली.

२१/
आडमार्गाने फिरणाऱ्या डिस्कांबाबत विश्वासाचा प्रश्न उभा राहतो, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. रिकाम्या यंत्रात सर्वप्रथम शिरते ती इन्स्टॉलेशन डिस्क. तिच्यात खोट असेल तर नंतर बसवलेला अँटीव्हायरसही त्या खोटीवरच उभा असतो. युनिक्सचा एक जनक केन थॉम्पसन याने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हेच बजावले होते : जो कोड स्वतः संपूर्णपणे लिहिलेला नाही, त्यावर अंतिमतः त्याच्या कर्त्यावर विसंबूनच विश्वास ठेवावा लागतो. अनामिक कर्त्याची ‘सुपरफास्ट’ विंडोज या कसोटीवर पहिल्याच पायरीला घसरते.

२२/
ही भीती काल्पनिक नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळात घुसून कोणी तरी १७.३ या आवृत्तीचा दुवा बदलला. त्या दिवशी तेथून डिस्क उतरवणाऱ्यांना मागचे दार बसवलेली प्रत मिळाली. त्याआधी सप्टेंबर २०१५ मध्ये ‘एक्सकोडघोस्ट’ प्रकरण उघडकीस आले : ॲपलचे सर्व्हर मंद म्हणून चीनमधील काही विकासकांनी एक्सकोड हे साधन अन्य ठिकाणाहून उतरवले, ती प्रत दूषित होती, आणि तिने घडवलेली ॲपही दूषित झाली. येथेही मूळ कारण मंद इंटरनेटच. टंचाई माणसाला शेजाऱ्याची प्रत घ्यायला लावते; घातपात करणारा नेमका तेथेच उभा असतो.

२३/
इतिहासाच्या अभ्यासकांना हा प्रश्न अपरिचित नाही. हस्तलिखितांच्या युगात प्रत्येक नकलकार काही भर घाली, काही गाळी. त्यातून पाठभेद निर्माण होत. ज्ञानेश्वरीत असे अपपाठ शिरल्यामुळे संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. डिस्कच्या जगात हे काम ‘चेकसम’ आणि डिजिटल सही करतात : फाइलीतील एक बिट बदलला तरी आकडा जुळत नाही. मात्र हे माप फक्त ज्ञात मूळ प्रतीशी ताडता येते. अनामिक हाताने बदललेल्या डिस्कला ताडून पाहण्यासारखे मूळच नसते.

२४/
आजची परिस्थिती काय? ‘भर’ घालण्याची गरज कंपन्यांनीच बरीचशी संपवली आहे. विंडोज ७ ला २०११ नंतर नवा सर्व्हिस पॅक मिळाला नाही, आणि ताज्या यंत्रावर दुरुस्त्यांची प्रचंड रांग लागू लागली. अखेर मे २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिल्या सर्व्हिस पॅकनंतरच्या बहुतेक दुरुस्त्यांचा एकत्र संच दिला. तो इन्स्टॉलेशन डिस्कमध्ये मिसळताही येत होता. विंडोज १० पासून कंपनीच्या साधनातून बऱ्यापैकी ताजी प्रत थेट पेन ड्राइव्हवर मिळते. फायरवॉल चालूच असते. देवनागरीसाठी सीडी लागत नाही. २००४ साली ज्या कारणांनी घरगुती डिस्क अपरिहार्य होती, त्यांतील जवळजवळ एकही उरलेले नाही.

२५/
‘उत्तरे’ हा प्रकार मात्र अजून टवटवीत आहे. समजा, उत्तरांची फाइल लिहून तपासण्यास दहा तास लागले आणि प्रत्येक संगणकामागे दोन तास वाचले, तर पाचव्या संगणकावर हिशेब जुळतो, नफा सहाव्यापासून. घरी एकच लॅपटॉप असणाऱ्यास हा व्यवहार तोट्याचा, शाळेच्या प्रयोगशाळेला फायद्याचा. केरळच्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने शाळांसाठी स्वतःचे लिनक्स सिद्ध केले : मल्याळम भाषा, अभ्यासक्रमाची साधने, सारे एकाच डिस्कमध्ये. २०१९ साली नवी आवृत्ती आणताना प्रकल्पाच्या चालकांनी दोन लाखांहून अधिक संगणकांमुळे तीन हजार कोटी रुपये वाचत असल्याचे सांगितले. हा आकडा त्यांच्याच हिशेबाचा आहे. पण संगणक लाखांत असतील तर एका डिस्कवर घेतलेली मेहनत किती पटींनी परतते, हे कळण्यास तो पुरेसा आहे.

२६/
‘पण शिकायला तर मिळते!’ हा आक्षेप रास्त आहे. डिस्क घडवताना बूट कसे होते, ड्रायव्हर कधी जागा होतो, कोणती सेवा कोणावर अवलंबून आहे, हे हाताला कळते. १९९९ साली गेरार्ड बीकमन्स यांनी सुरू केलेले ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ याच हेतूने आहे. त्यात वाचक संपूर्ण प्रणाली मूळ कोडपासून स्वतः उभी करतो. शिकणे हे उद्दिष्ट असेल तर तो मार्ग उत्तम आणि उघडा आहे. परंतु शिकण्यासाठी घडवलेली प्रणाली व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवावी. ती घरच्यांच्या बँकेच्या व्यवहारांच्या संगणकावर बसवणे हे शिक्षण नव्हे, जुगार आहे.

२७/
आता आठव्या मुद्द्यात उरलेल्या प्रश्नाकडे परत. टिकलेल्या डिस्कांकडे असे काय होते? उत्तर : लिहून ठेवलेली कृती. व्होल्करडिंगने दुरुस्त्या टिपून ठेवल्या. मर्डॉकने नियम लिहिले. डेबियनमध्ये डिस्क ही अंतिम वस्तू नसतेच; पॅकेजे आणि ती एकत्र करणाऱ्या आज्ञा या खऱ्या ठेवी, डिस्क हवी तेव्हा त्यांतून पुन्हा निघते. रेड हॅटचे ‘किकस्टार्ट’, डेबियनचे ‘प्रीसीड’, विंडोजची उत्तरांची एक्सएमएल फाइल ही सारी याच विचाराची रूपे. लिखित कृती वाचता येते, तपासता येते, पुढच्या आवृत्तीला लावता येते. सीडी मात्र लिहिल्या क्षणापासून शिळी होऊ लागते.

२८/
छाटणीवाल्यांनाही हे उमगू लागले आहे. २०२३ साली ‘टायनी११’ ही छाटलेली विंडोज ११ गाजली. तिच्या कर्त्याने पुढे तयार डिस्कसोबत ती घडवणारी स्क्रिप्टही उघड केली : मूळ प्रत कंपनीकडून आणा, स्क्रिप्ट वाचा, मग स्वतः चालवा. विश्वासाचा प्रश्न यामुळे पुष्कळ सौम्य होतो. छाटणीचा जुना शाप मात्र सुटत नाही; तिच्या सर्वांत लहान रूपावर नव्या दुरुस्त्या बसतच नाहीत, असे कर्ताच सांगतो.

२९/
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, आणि ती नसलेली असंख्य धडधाकट यंत्रे आहेत. म्हणजे नवी टंचाई, आणि तिच्यामागोमाग ‘कोणत्याही संगणकावर चालणाऱ्या’ अनामिक डिस्कांची नवी लाट. या वळणावर इतिहासाचा धडा उपयोगी आहे. अशा यंत्राला मूळ, सही तपासलेले लिनक्स देणे हा सुरक्षित मार्ग. विंडोजच हवे असेल तर निदान मूळ प्रत कंपनीकडून घ्यावी आणि बदल स्वतः, वाचता येणाऱ्या साधनाने करावा. फुकट मिळालेली तयार डिस्क सर्वांत महाग पडते.

३०/
तेव्हा निवाडा असा. एका घरच्या एका संगणकासाठी स्वतःची डिस्क घडवण्यात आज अर्थ नाही. ताजी मूळ प्रत आणि चार ओळींची टिपणवही पुरे. शाळा, ग्रंथालय, कार्यालय यांच्यासाठी अर्थ आहे, पण मूळ प्रतीला हात न लावता, उत्तरांच्या फाइलीतून. छाटणी फक्त तेथेच, जेथे आतले सारे उघडे आहे. परक्याने छाटलेली डिस्क कधीही नाही. आणि २००४ सालच्या त्या मार्करने लिहिलेल्या सीडीला मूर्खपणा म्हणू नये. तिच्या काळात ती शहाणपणच होती.

३१/
कोणाच्या खणात अशी सीडी अजून असेल, तर एक काम तातडीचे आहे. लिहिलेल्या सीडीचा थर कालांतराने खराब होतो; तो पूर्ण जाण्याआधी तिची प्रत काढून ठेवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कशी, कोणत्या अडचणीसाठी, काय घालून घडवली, हे एका साध्या मजकूर फाइलीत लिहून ठेवावे. एसएलएसच्या दोषांमुळे काय घडले हे आज सांगता येते, कारण कोणीतरी ते त्या वेळी लिहिले. आपल्याकडच्या हजारो घरगुती डिस्कांबद्दल असे लिहिलेले जवळजवळ काहीच नाही. त्या घडवणाऱ्यांच्या आठवणी शाबूत आहेत तोवरच ही नोंद होऊ शकते.

(समाप्त)